पुशबॅक हे हेल्परचं काम नाही, तो उड्डाणाचाच भाग आहे

२०२५ च्या डिसेंबरमधे इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली तेव्हा आपल्याकडे पहिल्यांदाच घराघरात पायलटच्या झोपेवर चर्चा झाली. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, हे सगळं लोकांना अगदी पाठ झालं होतं, आणि भरपूर शिव्याशाप देऊन झाल्यावर बऱ्याच जणांचं मत शेवटी हेच पडलं की गैरसोय झाली तरी चालेल पण दमलेला माणूस कॉकपिटमधे नको. मला हे वाचून खरंच बरं वाटलं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. त्याच विमानाच्या नाकाखाली, चाकापासून काही पावलांवर, कानाला हेडसेट लावून जो माणूस उभा असतो तो काल किती तास झोपलाय हे त्या सगळ्या चर्चेत एकदाही कोणी विचारलं नाही. मी मुंबईच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या भागात, बरीच वर्षं काम केलंय, आता करत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितोय.

खिडकीतून बघणाऱ्याला फक्त विमान हळूच मागे सरकताना दिसतं, म्हणून आधी पुशबॅक म्हणजे नक्की काय ते सांगतो. विमान एरोब्रिजजवळ टर्मिनलकडे नाक करून उभं असतं, चाकांना स्वतःची मोटर नसते, आणि इंजिनाच्या रिव्हर्सने मागे यायचं म्हटलं तर बेवरचे, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवरचे, खडे, कचरा, सामान सगळं उडेल, म्हणून टग, म्हणजे विमान ढकलणारं ट्रॅक्टरसारखं वाहन, लावून ढकलावं लागतं. साधं एअरबस ए-३२० घ्या, प्रवासी आणि इंधन भरून ७० टनांच्या आसपास वजन, लांबी ३७ मीटरच्या वर, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास ३५ मीटर, आणि कॅप्टनला यातलं मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. त्या तीन-चार मिनिटांत विमान खालच्या माणसांच्या डोळ्यांनी चालतं. टगवर ड्रायव्हर, नाकाजवळ कॅप्टनशी बोलणारा हेडसेटवाला, पंखांच्या टोकांना अंतर बघत चालणारे विंग वॉकर. वर बसलेल्या दीडशे-पावणेदोनशे लोकांपैकी एकालाही त्यांचं नाव माहीत नसतं.

आता हेडसेटवाला काय काय करतो बघा. दारं लागली, एरोब्रिज मागे गेला, ग्राउंड पॉवरची केबल सुटली, खाली कोणाची ट्रॉली राहिली नाही, चाकं अडवणारे चॉक काढले, हे सगळं स्वतःच्या डोळ्याने बघायचं, कोणीतरी सांगितलं म्हणून धरून चालायचं नाही. नोज गिअरला, म्हणजे पुढच्या चाकाला, कॉकपिटचं स्टिअरिंग तोडणारी बायपास पिन बसलीये का हे हाताने चाचपून बघायचं, कारण ती पिन नसेल आणि वरून स्टिअरिंगला हात लागला तर टोबार, म्हणजे टग आणि विमान जोडणारा दांडा, एका झटक्यात आडवा फिरतो आणि जवळ उभा असलेल्याचे पाय त्यात जातात. मग बीकन, म्हणजे इंजिन सुरू होणार हे सांगणारा लाल दिवा, लागतो, कॅप्टन ब्रेक रिलीज सांगतो, टग दाबायला लागतो, आणि बहुतेक वेळा ढकलता ढकलताच इंजिन सुरू होतं. ए-३२० च्या मापाच्या विमानाला इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगात, असलं तरी तोंडासमोरचे साधारण ३ मीटर म्हणजे पाय ठेवायचाच नाही अशी जागा, थ्रस्ट वाढला की तो घेर वाढत जातो, आणि मागे गरम हवेचा झोत असतो तो वेगळाच. टोबारला शिअर पिन असते, जास्त ताण आला की ती मुद्दाम तुटावी अशीच बनवलेली असते म्हणजे नोज गिअर वाचतो, पण ती तुटली की त्या क्षणी ते विमान कोणाच्याच ताब्यात नसतं, हेडसेटवाल्याने ओरडून कॅप्टनला ब्रेक लावायला सांगायचं आणि त्याच वेळी स्वतः सुटलेल्या टोबारच्या वाटेतून बाजूला व्हायचं.

आणि सगळ्यात धोक्याचा भाग ढकलणं संपल्यावर येतो, जेव्हा प्रत्येकाच्या मनाने काम झालेलं असतं. पार्किंग ब्रेक लागला, टोबार काढा, टग बाजूला घ्या, पिन काढा, हेडसेटची वायर काढा, झाकण बंद करा, मग इंजिनापासून लांब राहून अशा जागी चालत जा जिथून कॅप्टनला तुम्ही स्पष्ट दिसाल, तिथे लाल फीत लोंबणारी पिन हात वर करून दाखवा, अंगठा दाखवा, आणि कॅप्टनने तिकडून हात दाखवला की मगच विमानाने हलायचं. हे सगळं दोन्ही इंजिनं चालू असताना. जुलैतल्या रात्री दीड वाजता पावसाचा पडदा लागलेला असतो, काँक्रीटवर दिव्यांचे चकचकीत पट्टे पडलेले असतात, रेनकोटच्या टोपीने बाजूचं दिसत नाही आणि शेजारच्या बेवर दुसऱ्या विमानाचंही इंजिन घुमत असतं, म्हणजे कान बंद आणि डोळे अर्धे, अशा वेळी तो माणूस फक्त क्रम पाळल्यामुळे जिवंत राहतो. क्रम चुकला की संपलं.

१६ डिसेंबर २०१५ ला मुंबईत हेच झालं. एअर इंडियाचं हैदराबादला जाणारं ए-३१९, रात्री पावणेनऊच्या सुमारास पुशबॅक झालेला, इंजिन सुरू, आणि खालची माणसं बाजूला झाल्याचा सिग्नल पक्का व्हायच्या आधीच विमान पुढे हललं. नोज गिअरजवळ काम करणारा टेक्निशियन इंजिनात ओढला गेला. बातमी दोन-तीन दिवस चालली, सगळ्यांना धक्का बसला, चौकशी झाली, आणि लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं की काहीतरी विचित्र, क्वचित घडणारा अपघात होता. मला तो विचित्र कधीच वाटला नाही. सिग्नल द्यायच्या त्या दहा-पंधरा सेकंदांत घाई झाली तर काय होऊ शकतं हे रॅम्पवरच्या प्रत्येकाला माहीत असतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, ३१ डिसेंबर २०२२, अलाबामातलं माँटगोमेरी विमानतळ. विमान येऊन बेवर लागलं होतं, म्हणजे पुशबॅक नव्हता, पण मुद्दा तोच आहे. त्या विमानाचं एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन जे जमिनीवर असताना वीज आणि हवा देतं, ते बंद होतं, म्हणून आल्यावर मुख्य इंजिन चालू ठेवणं भाग होतं, आणि एक रॅम्प कर्मचारी त्यात ओढली गेली. त्याच दिवशी रॅम्पवरच्या लोकांची सेफ्टी मीटिंग झाली होती, इंजिन चालू राहणार आहे, जवळ जाऊ नका, हे सांगूनही झालं होतं. तिच्या कंपनीला तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने १५,६२५ डॉलर दंड केला.

मी हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण आपल्याकडे अपघात झाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, पोरगा बेसावध होता, मोबाइलवर असेल, ट्रेनिंग कमी पडलं. ट्रेनिंग पाहिजेच. पण त्या दिवशी एपीयू चालू असतं तर इंजिन चालू ठेवावंच लागलं नसतं. बिघाड विमानाचा, त्या बिघाडासकट उडायची नियमात परवानगी, वेळ वाचला एअरलाइनचा, आणि या सगळ्याचा धोका चालत गेला सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडे. आपल्याकडेही एपीयू बंद असलेलं विमान आलं की बेवरच एक इंजिन एअर स्टार्ट युनिट लावून सुरू करतात, मग चालू इंजिन असलेल्या विमानाखाली जाऊन ती जाड होज काढायची, केबल काढायची, आणि मग पुशबॅक. करता येतं, पद्धत ठरलेली आहे, रोज कुठे ना कुठे होतं. फक्त अशा वेळी रॅम्पवर नेहमीपेक्षा जास्त माणसं आणि जास्त वेळ द्यायला पाहिजे की नाही? माझ्या अनुभवात दोन्ही मिळत नव्हतं, उलट एपीयूमुळे आधीच उशीर झालेला असायचा म्हणून सगळे जास्तच घाईत असायचे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पुशबॅक हा उड्डाणाचा भाग आहे आणि त्याला नियमही उड्डाणासारखेच लागले पाहिजेत. आज तसं होत नाही. पायलटच्या ड्युटीचे तास डीजीसीए, म्हणजे सरकारचं विमान वाहतूक नियामक खातं, ठरवतं, केबिन क्रूचे ठरवतं, कंट्रोल टॉवरमधे बसणाऱ्यांच्या वॉच ड्युटीचेसुद्धा नियम आहेत. टगवर बसणाऱ्याला आणि हेडसेट लावणाऱ्याला काय, तर सर्वसाधारण कामगार कायदा, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, त्यावर ओव्हरटाइम. हा कायदा वाईट आहे असं नाही, पण सलग रात्रपाळ्या केल्यावर माणसाच्या डोळ्यांचं आणि डोक्याचं काय होतं, पहाटे तीन ते पाचच्या वेळेत प्रतिक्रिया किती मंदावते, याचा जो विचार पायलटच्या नियमांत केलाय तो इथे नाहीये. झोपेचं शास्त्र काय कॉकपिटच्या दारापाशी संपतं का.

डबल शिफ्ट हा तर रॅम्पवरचा रोजचा विषय. रात्रीची शिफ्ट सकाळी सातला सुटते, रिलीव्हर आलेला नसतो, सुपरवायझर म्हणतो थांब रे जरा, आणि मुलगा थांबतो, कारण एकतर पैसे लागतात आणि दुसरं म्हणजे नाही म्हटलं की पुढच्या महिन्याच्या रोस्टरमधे कळतं. मुलं राहतात कुठे, विरार, बदलापूर, दिवा, म्हणजे घरी पोचायला दीड-दोन तास, परत यायला तेवढेच, आणि मधे घरात दिवसाचा गोंगाट. असा माणूस सोळाव्या तासाला विंग वॉक करत असतो आणि त्याच्या डोळ्यांच्या भरवशावर ७० टनांचं विमान मागे येतंय. मी स्वतः अशा शिफ्टमधे उभा राहिलोय. झोप लागत नाही, तेवढं इंजिन जागं ठेवतं, पण बघितलेलं डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पंखाचं टोक आणि खांब यात अंतर किती राहिलंय हे समोर दिसत असतं आणि हातातली वँड, म्हणजे इशाऱ्याची कांडी, वर जायला एक सेकंद जास्त जातो. पुशबॅकमधे एक सेकंद म्हणजे एक-दीड मीटर.

आता माणसांच्या संख्येचं. २८ मार्च २०२२ ला दिल्लीत स्पाइसजेटचं जम्मूला जाणारं बोईंग ७३७ पुशबॅक होताना दिव्याच्या खांबाला धडकलं, उजव्या पंखाचं नुकसान झालं, प्रवाशांना दुसऱ्या विमानात बसवावं लागलं. कोणाला लागलं नाही म्हणून लोकांनी त्यावर व्हिडिओ करून सोडून दिलं. खांब तर पळत येत नाही ना. अशा प्रत्येक वेळी विचारायचे प्रश्न साधे आहेत, त्या पंखाच्या टोकाला माणूस उभा होता का, असला तर टग ड्रायव्हरला तो दिसत होता का, आणि त्याने थांब म्हटल्यावर टग थांबायची पद्धत होती का. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही, एप्रिल २०२४ मधे लंडनच्या हीथ्रोला ओढून नेत असलेल्या रिकाम्या बोईंग ७८७ चं पंखाचं टोक उभ्या असलेल्या ए-३५० ला घासलं, म्हणजे इतक्या जुन्या, शिस्तीच्या विमानतळावरही.

ज्या कंपनीत मी होतो तिथे कागदावर दोन विंग वॉकर होते. प्रत्यक्षात पीकच्या वेळी एक, कधी कधी एकही नाही, लोडरलाच वँड देऊन उभं करायचे. एका संध्याकाळचं बोलणं अजून जसंच्या तसं कानात आहे. विमान भरलेलं, बीकन लागलेला, टगवरचा म्हणतो, "सर, डावीकडे कोणी नाहीये." सुपरवायझर रेडिओवर, "अरे मी बघतोय ना, ढकल तू, दोन मिनिटं राहिलीत." टगवरचा वयाने मोठा, सगळे त्याला दादाच म्हणायचे, त्याने टग न्यूट्रलला टाकला आणि खाली उतरून उभा राहिला. "सर, तुम्ही बघताय ते मला दिसत नाही, मला माणूस पाहिजे." शेजारच्या बेवरून माणूस आला, चार मिनिटं गेली, विमान गेलं. दादाला दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा द्यावा लागला, उशीर का झाला. डाव्या बाजूला माणूस का नव्हता याचा खुलासा मात्र कोणाकडे मागितला गेल्याचं मला तरी आठवत नाही.

हा उशिराचा हिशोब कसा चालतो ते बाहेरच्यांना माहीत नसतं. प्रत्येक उशिराला एक दोन आकडी कोड लावायचा असतो, जगभर एकच पद्धत आहे, तीसच्या मालिकेतले कोड रॅम्प हँडलिंगचे. तो कोड कोणाच्या नावावर पडणार यावर दर फ्लाइटमागे वाद होतात, कारण एअरलाइन आणि हँडलिंग कंपनी यांच्यातल्या करारात उशिराची किंमत पैशात ठरलेली असू शकते. म्हणजे उशीर मोजला जातो मिनिटाच्या हिशोबाने आणि त्याचे पैसेही कापले जातात. आणि न झालेल्या अपघाताचा कुठलाच कोड नाही. ज्या चार मिनिटांनी कदाचित एक पंख वाचला, कदाचित एक माणूस वाचला, ती चार मिनिटं कागदावर फक्त उशीर म्हणून राहतात. अशा व्यवस्थेत सुपरवायझरने घाई केली तर मी त्याला एकट्याला दोष देणार नाही, त्याच्यावरही वरून तेच येत असतं.

म्हणून थांब म्हणायचा हक्क नियमात लिहिलेला पाहिजे, पोस्टरवर नाही. पोस्टर सगळीकडे आहेत, सेफ्टी फर्स्ट, हिंदीत इंग्रजीत. हक्क म्हणजे काय, तर पुशबॅक टीममधल्या कोणीही, अगदी काल लागलेल्या विंग वॉकरनेही थांबवलं तर त्या थांबण्याचा उशीर वेगळ्या कोडखाली जावा, त्यावर दंड लागू नये आणि खुलासा मागता येऊ नये. कॅप्टनने वाऱ्यामुळे गो-अराउंड केला, म्हणजे उतरता उतरता विमान परत वर नेलं, तर त्याला कोणी विचारत नाही पैसे का घालवलेस. मग इथे का विचारतात?

मोजण्याचं तर आणखी विचित्र आहे. विमान अपघाताची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेच्या अॅनेक्स १३ मधली, आपले नियमही तिच्यावरच आहेत, तिच्यात जखमी माणूस विमानात असला पाहिजे, किंवा विमानाच्या भागाशी त्याचा थेट संबंध आला पाहिजे, किंवा जेट ब्लास्ट लागला पाहिजे, आणि तेही उड्डाणासाठी कोणीतरी विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंतच्या वेळेत. म्हणजे नोज व्हीलखाली पाय गेला तर तो विमान अपघात, आणि त्याच पुशबॅकमधे टगच्या चाकाखाली गेला तर तो विमान अपघात नाही. रात्री रिकामं विमान हँगरकडे ओढताना कोणी चिरडलं तर तेही नाही. पाय तोच, टीम तीच, जागा तीच. मग ती नोंद जाते कंपनीच्या रजिस्टरमधे, पोलीस स्टेशनच्या डायरीत, ईएसआयच्या फाइलमधे, आणि सगळं मिळून चित्र कोणालाच दिसत नाही.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने बऱ्याच वर्षांपूर्वी जगभराचा अंदाज काढला होता, दर १,००० उड्डाणांमागे रॅम्पवर एक अपघात किंवा घटना, वर्षाला साधारण २७,०००. आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेने २०२२ मधे सांगितलं की जमिनीवर विमानांचं होणारं नुकसान असंच चालू राहिलं तर २०३५ पर्यंत वर्षाला जवळपास १० अब्ज डॉलरवर जाईल. पत्र्याचा हिशोब असा पुढच्या दहा-बारा वर्षांचा केला जातो. माणसांचा हिशोब करायला कोणी नको का? डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढतं, त्यात किती प्रवासी, किती तक्रारी, किती फ्लाइट रद्द, कोणत्या एअरलाइनचा ओटीपी, म्हणजे वेळेवर असण्याचं प्रमाण, किती टक्के हे सगळं असतं, पेपरवाले त्याच्या बातम्या करतात, कंपन्या त्यावर जाहिराती करतात. त्याच अहवालात एक रकाना वाढवा, या महिन्यात या विमानतळावर या एअरलाइनच्या विमानाभोवती काम करताना किती माणसं जखमी झाली, मग तो माणूस कोणाच्याही पे-रोलवर असो. ओटीपीच्या शेजारी हा आकडा छापायला लागले की एअरलाइनच्या मीटिंगमधे तो विषय आपोआप येईल.

पे-रोलचं बोललो कारण सगळं तिथे अडतं. विमान एका कंपनीचं, हँडलिंग दुसरीकडे, त्यातली मुलं तिसऱ्या कंत्राटदाराची. १६ जुलै २०२४ ला कलिन्याला एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसच्या भरतीला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, हँडीमन, लोडर वगैरेच्या साधारण दोन हजार जागा आणि उभा महाराष्ट्र लोटलेला, रात्रभर प्रवास करून आलेली मुलं, शेवटी गर्दी आवरेना म्हणून अर्ज टाकून घरी जा असं सांगावं लागलं. गेटबाहेर एवढी रांग असताना गेटच्या आतला मुलगा सोळाव्या तासाला नाही कसं म्हणेल? त्याची हिंमत काढणारी गोष्ट ती रांग आहे. म्हणूनच तास ठरवणं त्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, पायलटचेही आपण मर्जीवर सोडलेले नाहीत. आणि मे २०२५ मधे सेलेबी या तुर्की हँडलिंग कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द झाली तेव्हा ग्राउंड हँडलिंग नावाचं काहीतरी असतं हे देशाला कळलं, तेव्हासुद्धा चर्चा मालक कोणत्या देशाचा यावरच झाली, हातात टोबार धरणाऱ्या हजारो मुलांचं काय, त्यांचे तास, त्यांचं ट्रेनिंग नवीन कंपनीत कसं धरलं जाणार, यावर फारच थोडं.

लोक म्हणतील की याने तिकिटं महागतील. थोडी महागतील, मी नाही म्हणत नाही. पण एका पुशबॅकला आणखी एक विंग वॉकर म्हणजे त्याच्या शिफ्टमधले काही मिनिटं, ते विमानातल्या दीडशे लोकांत वाटून बघा, चहाचे पैसेही होत नाहीत. दुसरं म्हणणं असतं की आता मशीन येतील. येऊ देत, चांगलंच आहे. वायरलेस हेडसेट आले की माणूस वायरीने नाकाजवळ बांधलेला राहत नाही, लांब उभं राहता येतं, तो तर उद्यापासून सगळीकडे सक्तीचा करायला हरकत नाही. ऑक्टोबर २०१९ मधे एअर इंडियाच्या ए-३२० ला प्रवाशांसकट दिल्लीत टॅक्सीबॉटने, म्हणजे कॉकपिटमधून चालवता येणाऱ्या टगने, रनवेजवळ नेलं होतं, म्हणजे बेवर इंजिन सुरूच करायचं नाही, ही तर मोठी सोय आहे, खाली काम करणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली बातमी नाही. पण २०१९ ला झालेली गोष्ट अजून आपल्याकडे नेहमीची झालेली नाही, तोपर्यंत माणूसच उभा आहे, आणि मशीन आलं तरी पंखाच्या टोकाला बघणारं कोणीतरी लागणारच.

तिसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे, की एवढे नियम केले तर आपली दोन-दोन मिनिटांवर चालणारी विमानतळं अडतील. मुंबईने २०१८ मधे एकाच दिवसात १,००० च्या वर विमानांची ये-जा हाताळली, आणि तेही दोन रनवे एकमेकांना छेदतात म्हणून एका वेळी एकच वापरता येतो अशा जागी. यातली निम्मी तरी जाणारी, म्हणजे दिवसाला पाचशेच्या आसपास पुशबॅक. हा आकडा मला अभिमानाचा वाटतो, त्यात माझ्यासारख्यांचाही घाम आहे. पण तो गाठायचा कोणाच्या जिवावर हे विचारायला नको का? कंट्रोलरच्या तासांना मर्यादा घालून मुंबई बंद पडली नाही. जितकी विमानं सुरक्षित ढकलता येतील इतकी माणसं ठेवा आणि नसतील तर तेवढे स्लॉट देऊ नका, हा हिशोब रनवेसाठी आपण करतोच, बेसाठी करायचा आहे.

युरोपने २०२५ मधे ग्राउंड हँडलिंगसाठी स्वतंत्र नियम काढले, मार्च २०२८ पासून लागू होतील, त्यात हँडलिंग कंपन्यांना ट्रेनिंगपासून सेफ्टी मॅनेजमेंटपर्यंत सगळं विमान सुरक्षेच्या यंत्रणेसमोर दाखवावं लागणार आहे. म्हणजे इतकी वर्षं तिथेही हा भाग सुटलेलाच होता आणि आता ते तो भरतायत. आपल्याकडे हँडलिंगचे नियम आहेत, पण त्यांचा भर मुख्यतः कोणत्या कंपनीला काम मिळणार आणि सुरक्षा तपासणी कशी होणार यावर, हेडसेट लावणारा माणूस आज कितव्या तासाला उभा आहे यावर नाही.

आणि हे आत्ताच बोलायचं कारण नवी मुंबई. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली, वाढत वाढत हे विमानतळ आत्ताच्या मुंबईपेक्षा मोठं होणार आहे. उलवे, पनवेल भागातल्या ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना तिथे नोकऱ्या मिळाव्यात ही मागणी बरोबरच आहे, आणि त्यातल्या पुष्कळ नोकऱ्या रॅम्पवरच्याच असणार, टग, ट्रॉली, हेडसेट, विंग वॉक. जुन्या विमानतळावर सवयी मोडणं अवघड जातं हे मी बघितलंय, इथे अजून सवयी लागायच्या आहेत. नोकऱ्या किती देणार हे नेते लोक प्रत्येक सभेत विचारतात, त्यांनी सोबत हेही विचारावं की एका पुशबॅकला किती माणसं ठेवणार, सलग किती रात्रपाळ्या लावणार, रात्री अडीचला शिफ्ट सुटली तर घरी जायला बस आहे का, आणि मुलाने विमान थांबवलं तर त्याचा उशीर कोणाच्या खात्यावर लिहिणार. ही उत्तरं हँडलिंगच्या करारात लेखी घेता येतात, त्यासाठी दिल्लीहून नवीन कायदा यायची वाट बघायचीसुद्धा गरज नाही.